‘माझा पगार तुमची संस्था देणार का?’

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सकाळी आपलं कायद्याचं सत्र झालं. कलमं सांगून झाली, फळ्यावर मुदती लिहून झाल्या आणि शेवटी मी नेहमीसारखं म्हटलं, “तेव्हा बायांनो, सहन करू नका. तक्रार करा.” त्यावर मागच्या रांगेतल्या एका ताईंनी हात वर केला आणि विचारलं, “तक्रार केली आणि उद्या मला कामावरून काढलं, तर माझा पगार तुमची संस्था देणार का?”

सगळ्याजणी हसल्या. त्या ताईही हसल्या. जेवणाची घंटा झाली आणि प्रश्न तिथेच राहिला. या सत्रात मी खरं तर दुसऱ्याच विषयावर बोलणार होते. पण जेवताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता आणि तेव्हा विचारला नव्हता. म्हणून आणलेलं टिपण बाजूला ठेवते आणि त्याबद्दलच बोलते.

आमच्या हातून झालेली चूक

आमच्या कामाच्या भागात एक औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या औषधं पॅक करणाऱ्या एका कारखान्यात वस्तीतल्या बऱ्याच बाया कंत्राटावर जायच्या. त्यातली एक आमच्या बैठकीला नियमित यायची. लाइनवरचा सुपरवायझर बायांच्या मागे येऊन उभा राहायचा, खोकं उचलून देण्याच्या निमित्ताने अंगाला हात लावायचा, नको ते बोलायचा. ही एकटीच अशी होती की तिने त्याला सगळ्यांसमोर हटकलं. आम्हाला तिचा फार अभिमान वाटला. त्याच संध्याकाळी आमच्या कार्यालयात बसून आम्ही तिची तक्रार लिहिली. शेवटी साक्षीदार म्हणून तिच्याबरोबरच्या चौघींची नावं घातली. त्या चौघी बैठकीत “हो हो, आम्ही सांगू” म्हणाल्या होत्या. प्रत्येकीच्या घरी जाऊन वेगळं विचारावं, हे आम्हाला सुचलं नाही.

कारखान्यात समितीचा बोर्ड होता. त्यावरच्या दोन बाया नोकरी सोडून गेलेल्या होत्या. तक्रार दिल्यावर आठवडाभरात कंत्राटदाराने तिला सांगितलं, “काम कमी झालंय, उद्यापासून येऊ नका.” तक्रारीचा त्याने उल्लेखसुद्धा केला नाही. गेटपास काढून घेतला. कंपनी म्हणाली, ही आमची कामगारच नव्हे, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, समिती कंपनीची, तिकडे विचारा.

कायद्यात याचं उत्तर आहे. कंत्राटदारामार्फत आलेली बाई, मग ते मुख्य मालकाला माहीत असो वा नसो, २०१३च्या कायद्याच्या व्याख्येत कर्मचारीच ठरते. हे कलम आम्हाला पाठ होतं. पण ती तिथे कामाला होती, हे दाखवायला आमच्याकडे एक कागद नव्हता. पगार रोख, हजेरीचं पुस्तक कंत्राटदाराकडे, ई.एस.आय.चं कार्ड काढलेलंच नाही. चार साक्षीदारांपैकी तिघींनी आपण काही पाहिलं नाही असं लिहून दिलं. त्यांचा मला राग आला होता. आज येत नाही. त्यांचीही हजेरी त्याच माणसाच्या हातात होती.

आज ती एका खानावळीत पोळ्या लाटते. कमी पैशात, जास्त तास. मध्यंतरी भेटली तेव्हा मी कशीबशी माफी मागितली. ती म्हणाली, “तक्रार केल्याचं मला वाईट नाही वाटत ताई. पण पुढे काय काय होईल ते तुम्हाला ठाऊक होतं. ते मला आधी सांगायला हवं होतं.”

तिचं म्हणणं खरं होतं. आम्हाला ठाऊक होतं. ती घाबरून मागे हटेल म्हणून आम्ही सांगितलं नाही. म्हणजे तिच्या वतीने निर्णय आम्हीच घेतला. आपल्या संस्थांच्या अहवालात ‘मार्गी लावलेल्या तक्रारी’ असा रकाना असतो. तिची तक्रार त्या वर्षीच्या आकड्यात होती.

वरच्या पदावरच्या बायांचं काय?

कुणी म्हणेल, कंत्राटी बाई गरीब, अशिक्षित, म्हणून असं झालं. तसं नाही. १९८८मध्ये चंदीगडला एका मेजवानीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आय.ए.एस. अधिकारी रूपन देओल बजाज यांच्याशी गैरवर्तन केलं. त्यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली, तेव्हा प्रकरण मिटवून घ्या असाच सूर होता. १९८९मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांतली तक्रारच रद्द केली. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली, १९९६मध्ये गिल दोषी ठरले आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम केला. एका आय.ए.एस. अधिकाऱ्याला १७ वर्षं लागली.

दुसरं उदाहरण इंदूरचं आहे. पंजाब अँड सिंध बँकेतल्या मुख्य व्यवस्थापक दर्जाच्या एका अधिकारी बाईंनी दारूच्या ठेकेदारांच्या खात्यांमधली अनियमितता आणि भ्रष्टाचार वरिष्ठांना कळवला. वरिष्ठाकडून लैंगिक छळ होत असल्याचीही तक्रार केली. डिसेंबर २०१७मध्ये त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावा नावाच्या गावी झाली. त्या चौथ्या श्रेणीच्या अधिकारी आणि ती शाखा पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्यासाठीची! कागदावर मात्र ती साधी प्रशासकीय बदली. तक्रार ऐकणाऱ्या समितीवर बाहेरची सदस्य म्हणून जी वकील होती, ती त्याच बँकेच्या पॅनेलवरची. बाई उच्च न्यायालयात जिंकल्या, बँक सर्वोच्च न्यायालयात गेली. २५ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की ही बदली म्हणजे तक्रारीचा सूड आहे. त्यांना एक वर्षासाठी इंदूरलाच नेमायला सांगितलं आणि बँकेला ५० हजार रुपये खर्च भरायला लावला.

हा निकाल आपल्या प्रत्येकीच्या फाइलमध्ये असायला हवा. पण दोन वर्षांहून जास्त काळ त्या बाई लढल्या, वकील लावू शकल्या, पगार चालू होता. आपल्या पोळ्या लाटणाऱ्या मैत्रिणीला यातलं काय शक्य होतं?

सूड कसा घेतला जातो

“तू तक्रार केलीस म्हणून काढतो” असं कुणी लिहून देत नाही. बाई कायम नोकरीत असेल तर बदली होते, मेमो येतो, गोपनीय अहवालात शेरा बिघडतो. तिच्याकडचं काम काढून घेतात आणि दिवसभर नुसतं बसवून ठेवतात. कारखान्यात असेल तर पाळी बदलते. लहान मूल आहे हे माहीत असूनच रात्रपाळी लागते. कंत्राटी असेल तर ब्रेक मिळतो, तो संपत नाही. अंगणवाडी सेविका, आशा यांचं मानधन ‘तांत्रिक कारणाने’ रखडतं. घरकामगार बाईवर तर चोरीचाच आळ येतो.

त्याच्या जोडीला कुजबुज असते. तिचं आधीपासून असंच आहे, बढती हवी होती, नवऱ्याशी पटत नाही. कधी नवऱ्याला निनावी फोन जातो. घरातून “नोकरी सोड” असा हुकूम निघाला की मालकाचं काम परस्पर होतं. बाई स्वतःच्या सहीने राजीनामा देते आणि सूड घेतल्याचा पुरावाही उरत नाही.

आणि कोर्टाची भीती. २०१८मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी संपादक आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्याबद्दल जाहीरपणे सांगितलं, तर त्यांच्यावरच फौजदारी बदनामीचा खटला झाला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, पुढे त्यावर अपील झालं. निर्दोष ठरेपर्यंत आरोपीच्या जागी उभी होती ती बोलणारी बाई, हे लक्षात घ्या.

कायदा कुठे साथ देतो, कुठे देत नाही

या कायद्याचा उगमच एका कामकरी बाईच्या सोसण्यात आहे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या. १९९२मध्ये त्यांनी एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. ते त्यांचं कामच होतं. त्याचा राग म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. गावाने बहिष्कार घातला. १९९५मध्ये जिल्हा न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. ज्यांचं काम करताना हे घडलं, त्या सरकारने मालक म्हणून जबाबदारी घेतली नाही. म्हणून स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ला विशाखा निकाल आला.

त्या निकालातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साफ म्हटलं होतं की तक्रारदार आणि साक्षीदार यांचा छळ किंवा त्यांच्याशी भेदभाव होणार नाही हे पाहिलं पाहिजे. २०१३च्या कायद्यात मात्र तक्रारीनंतरच्या सुडाबद्दल असं स्वतंत्र कलम नाही. नोकरीवर गदा आणण्याची धमकी, कामात अडथळे, दहशतीचं वातावरण हे छळाच्या व्याख्येशी जोडलेलं आहे, त्याचा आधार घेता येतो. साक्षीदारांच्या नोकरीचं रक्षण करणारं मात्र वेगळं काही नाही. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांसाठी २०१४मध्ये संसदेने कायदा केला, तोही वर्षानुवर्षं अंमलात न आणता ठेवला गेला. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा २००३मध्ये गयेत खून झाला. नाव गुप्त ठेवा अशी त्यांनी विनंती केली होती. ते पत्र नावासकट कार्यालयांतून फिरलं होतं.

पण कायद्यात जे आहे तेही आपण पुरतं वापरत नाही. कलम १२ पाहा. चौकशी चालू असताना तिची किंवा त्या माणसाची बदली मागता येते, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. नियमांप्रमाणे त्या माणसाला तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून दूर ठेवता येतं. मात्र हे सगळं तिने लेखी मागावं लागतं. मागितलं नाही तर समिती आपणहून देत नाही. आमच्या मैत्रिणीच्या अर्जात आम्ही ही एक ओळ घातली नव्हती.

दुसरं, कलम १४. खोट्या तक्रारीला शिक्षा आहे, हे वाक्य मालक लोक भिंतीवर लावतात. त्याच कलमात पुढे लिहिलंय की नुसता पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. ते वाक्यही त्याच भिंतीवर आलं पाहिजे.

तक्रारीआधीची तयारी

आता मी जे सांगते ते लिहून घ्या.

कामावर असल्याचा पुरावा आधी. नेमणुकीचं पत्र, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ओळखपत्राचा फोटो, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद. हे आजच, काही घडलेलं नसताना, प्रत्येक बाईने घरी ठेवायचं. चांगल्या कामाची शाबासकी, वाढ मिळाल्याचं पत्र तेही जपायचं, कारण तक्रारीनंतर पहिलं ऐकू येतं ते “हिचं कामच चांगलं नव्हतं.”

घडलेलं लिहून ठेवायचं. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आसपास कोण होतं. लिहिता येत नसेल तर गटातली दुसरी लिहील. वही कामाच्या ठिकाणी ठेवायची नाही. मोबाइलवरचे संदेश पुसायचे नाहीत.

साक्षीदाराला एकटीला गाठून, तिच्या घरची परिस्थिती विचारून मगच नाव घालायचं. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत त्या माणसाच्या हातात जाते. आपण घातलेली नावं तो वाचणार आहे, हे तिला माहीत असलं पाहिजे.

मुदत विसरायची नाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तयारीच्या नावाखाली ही मुदत गेली तर सगळंच गेलं. अर्जाच्या सहा प्रती लागतात. सातवी आपली, शिक्का आणि तारखेसह पोच घेतलेली. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकामगार बायांनाही तीच समिती.

कोऱ्या कागदावर सही नाही. दबावाखाली राजीनामा नाही. “उद्यापासून येऊ नको” असं तोंडी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर जायचं, सोबत कुणाला तरी घेऊन, आणि मी कामावर हजर व्हायला आले होते असं त्याच दिवशी लेखी कळवायचं. चौकशीतली माहिती व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही. गुप्ततेचं कलम आपल्यालाही लागू आहे आणि ते आपल्याविरुद्ध वापरलं जातं.

आणि घरचा हिशोब. पगार थांबला तर घर किती दिवस चालेल? बचत गटाचा हप्ता, पोरांची फी, भाडं. घरातलं कोण पाठीशी राहील, कोण नाही. हा हिशोब मांडून एखादी बाई म्हणाली, “आत्ता नाही, दिवाळीनंतर बोनस हातात आल्यावर,” तर ती भित्री नव्हे. मुदत लक्षात ठेवून तिला तो वेळ द्यायचा. आणि ती म्हणाली, “मला तक्रार करायचीच नाही,” तर तिचं आपल्या गटातलं स्थान तसूभरही कमी होता कामा नये.

आपलं काय काम?

इथे बसलेल्या निम्म्या तरी जणी कुठल्या ना कुठल्या समितीवर बाहेरच्या सदस्य आहेत. मीही आहे. आपण सुनावणीला जातो, अहवालावर सही करतो, भत्ता घेतो आणि घरी येतो. सहा महिन्यांनी ती बाई त्याच टेबलावर आहे का, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं? इंदूरची ती वकील बँकेच्या पॅनेलवर होती. आपण कुठल्या पॅनेलवर नाही. तरीही पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील ना, हा विचार आपल्या मनात डोकावत नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

घाईही करू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने सुनावण्या इतक्या भराभर उरकल्या की मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्राध्यापकाची बडतर्फी रद्द करून प्रकरण परत पाठवावं लागलं. त्याच निकालात न्यायालयाने देशभर समित्या नीट नेमल्या गेल्या नाहीत याबद्दल नाराजी नोंदवली. समितीने नियम डावलले की त्याची किंमत तक्रारदारच मोजते. तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

म्हणून माझे प्रस्ताव असे आहेत. आपण ज्या समितीवर असू तिच्या अहवालात, तक्रारदाराची आणि साक्षीदारांची त्यांच्या संमतीशिवाय बदली करू नये, त्यांना कामावरून कमी करू नये, अशी शिफारस लिहायचीच. निकालानंतर एक महिना, सहा महिने आणि एक वर्ष, असं तीनदा तक्रारदाराला भेटायचं आणि अहवालात ‘मार्गी लागली’ऐवजी ‘आज ती कुठे काम करते’ असा रकाना ठेवायचा. युनियनशी आधीच बोलून ठेवायचं. आणि बचत गटांच्या मदतीने एक छोटा साथनिधी उभा करायचा. एका घराचं दोन-तीन महिन्यांचं रेशन आणि भाडं निघेल एवढा तरी.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही. संस्था तुमचा पगार देऊ शकणार नाही. आमची तेवढी ऐपत नाही आणि देऊ म्हटलं तर ते खोटं होईल. काय काय घडू शकतं ते आधी सांगू, तुमच्या निर्णयाची घाई करणार नाही, आणि गेटवर तुम्ही एकट्या उभ्या राहणार नाही, एवढं कबूल करते. हे आम्ही पाळलं नाही तर याच शिबिरात उभं करून आम्हाला जाब विचारा.

सकाळी आपण सगळ्या हसलो. त्या हसण्यात मीही होते. आता ताई, तुम्ही पुढे या. फळा पुसलेला आहे. तुमच्या घरचा हिशोब तुम्ही सांगा, आपण सगळ्या मिळून मांडून बघू.